घुमटाखालचे खांब : इस्तंबूल ते एदिर्ने

मिमार सिनान या उस्मानी (ऑटोमन) स्थपतीने आपल्या तीन मशिदींची प्रतवारी स्वतःच लावून ठेवली होती, असं तुर्कस्तानात मानतात. शहजादे ही उमेदवारीतली, सुलेमानिये ही हात बसल्यावरची आणि एदिर्नेची सेलिमिये ही उस्तादाची. पहिल्या दोन इस्तंबूलमध्ये आहेत, तिसरीसाठी बल्गेरियाच्या सीमेपर्यंत जावं लागतं. २०१९ च्या ऑक्टोबरात मी आणि मावशी याच क्रमाने त्या बघायला निघालो. मावशी साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. मी पुण्यात स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करते. म्हणजे एकीचं लक्ष नक्षीकडे आणि दुसरीचं वजन कुठून खाली उतरतंय याकडे. भांडायला भरपूर वाव होता.

मंगळवार

इस्तंबूलचा नवा विमानतळ त्याच वर्षी एप्रिलमध्ये पूर्णपणे सुरू झालेला. आतल्या आत चालण्यातच मावशीचे गुडघे बोलायला लागले. सुलतानअहमद भागात खोली घेतली होती. सामान टाकून संध्याकाळी निळ्या मशिदीत गेलो, तर आत परांची. २०१८ मध्ये दुरुस्ती सुरू झाली होती आणि मुख्य घुमट पत्र्या-फळ्यांच्या आड गेलेला. दिसले ते फक्त चार अगडबंब खांब, प्रत्येकाचा व्यास पाच मीटर. त्यांना 'हत्तीचे पाय' म्हणतात आणि ते नाव सार्थ आहे. ही मशीद १६०९ ते १६१६ मधली, सिनान गेल्यानंतरची. घुमट साडेतेवीस मीटरचा, म्हणजे सुलेमानियेपेक्षा लहान, आणि त्याला हे एवढे खांब! मी नाक मुरडलं. मावशी म्हणाली, "अगं, परांचीतून बघून निकाल देऊ नकोस." दिला तरीही.

बुधवार

सकाळी आया सोफिया. तेव्हा ते संग्रहालय होतं. वर्षभरात, २०२० च्या जुलैत, पुन्हा मशीद झालं. तुर्की मशिदीचं आतलं रूप समजायचं तर सुरुवात या जुन्या चर्चपासून करावी लागते, कारण पुढचं सगळं याच्याशी चाललेलं भांडण आहे. सम्राट जस्टिनियनने ते ५३२ ते ५३७ या पाच वर्षांत उभं केलं. सुमारे एकतीस मीटर व्यासाचा घुमट, जमिनीपासून पंचावन्न मीटरवर. बुडाशी चाळीस खिडक्यांची माळ. त्यातून उजेड आला की घुमट खालच्या भिंतींपासून सुटल्यासारखा दिसतो. पण घुमट स्वतःच्या वजनाने नुसता खाली दाबत नाही, बाहेरही रेटतो. इथे पूर्व-पश्चिमेला अर्धघुमट टेकू द्यायला आहेत, उत्तर-दक्षिणेला नाहीत. ५५८ मध्ये तो कोसळलाच. पुन्हा बांधताना जास्त उंच, म्हणजे कमी रेटणारा केला. आज बाहेरून इमारतीला जे ओबडधोबड दगडी धिरे लागलेले दिसतात, त्यातले काही सिनाननेच १५७० च्या दशकात बसवले. त्याच काळात एदिर्नेला सेलिमियेचं काम चालू होतं! एका हाताने हजार वर्षं जुन्या घुमटाला टेकू देतोय आणि दुसऱ्या हाताने त्याच मापाचा स्वतःचा घुमट उभा करतोय.

मावशी वरच्या गॅलरीतल्या मोझेकपुढे बराच वेळ थांबली. मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, मुख्य अक्षापासून थोडा तिरका का बसवलाय, हे मात्र तिनेच आधी टिपलं. चर्चचं तोंड वेगळ्या दिशेला, मक्केची दिशा वेगळी.

दुपारी शहजादे. सुलतान सुलेमानचा मुलगा मेहमेद १५४३ मध्ये मनिसाला वारला, त्याच्या आठवणीत बांधलेली. १५४८ ला पूर्ण झाली. सिनान तोवर पन्नाशी ओलांडलेला. कैसेरीजवळच्या आयर्नास गावच्या ख्रिस्ती घरातला मुलगा, सुलतानाच्या चाकरीत भरती होऊन जॅनिसरी, म्हणजे खास फौजेतला शिपाई, झाला. मोहिमांमध्ये पूल आणि नावा बांधत हात तयार केला आणि १५३९ मध्ये राज्याचा मुख्य स्थपती झाला. त्याची उमेदवारी म्हणजे आपल्याकडे निवृत्तीचे अर्ज भरायचं वय.

आत आल्यावर गणित लगेच वाचता येतं. मधे १९ मीटरचा घुमट, चारी बाजूंना चार अर्धघुमट, चार खांब. आया सोफियात दोन बाजू उघड्या राहिल्या होत्या, इथे चारी बंद. रेटा चोहीकडे सारखा वाटला गेला. कागदावर याहून नेटकं काही नसेल. पण जिथे उभं राहाल तिथून समोर तेच दिसतं. मावशी म्हणाली, "ही वही बरोबर सोडवलेल्या मुलाची." यावर आमचं एकमत झालं. पर्यटक जवळजवळ नव्हतेच. गालिच्यावर दोन मुलं लोळत होती, आणि त्यांना कुणी हटकत नव्हतं, हे मला फार आवडलं.

गुरुवार

सुलेमानिये टेकडीवर आहे, आणि विद्यापीठाच्या मागून चालत गेलं तर चढ बेताचा लागतो. १५५० ते १५५७. चार मिनार आणि त्यांना मिळून दहा सज्जे, कारण सुलेमान हा दहावा सुलतान. इथे सिनान मागे वळला. चार अर्धघुमटांची योजना सोडून पुन्हा आया सोफियासारखे दोनच अर्धघुमट घेतले. हे असं का, यावर अभ्यासक बरंच लिहितात. मला वाटतं, पातशहाला आया सोफियाची बरोबरी हवी होती आणि सिनानला तिची चूक दुरुस्त करायची होती.

ती दुरुस्ती कशी केलीय हे बघायला मी भिंतीकडेच गेले. ज्या दोन बाजूंना अर्धघुमट नाहीत तिथे रेटा घ्यायला जाडजूड धिरे लागणारच. सिनानने ते भिंतीतच मुरवले. थोडे आत, थोडे बाहेर, आणि दोन्हीकडून पुढ्यात कमानींच्या गॅलऱ्या बांधून ते झाकून टाकले. बाहेरून बघणाऱ्याला ओसरी दिसते, आतून बघणाऱ्याला सज्जा. कुणालाच धिरा दिसत नाही. माझ्या ऑफिसात एखादा कॉलम लपवायला आर्किटेक्ट किती हट्ट करतात आणि आम्ही किती कुरकुरतो, ते आठवून हसू आलं.

लाल गालिचा, साडेसव्वीस मीटरचा घुमट, त्रेपन्न मीटर उंची. बाजूच्या कमानींखाली ग्रॅनाइटचे चार प्रचंड अखंड स्तंभ, साम्राज्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आणलेले. मावशीला पकडून ठेवलं ते किब्ल्याच्या, म्हणजे मक्केकडच्या, भिंतीने. मिहराबच्या दोन्ही बाजूंना इझनिक या गावच्या टाइल्स आहेत. पांढऱ्यावर निळा, फिरोजी आणि एक टोमॅटोसारखा लाल. इझनिकच्या कारागिरांना तो लाल तेव्हा नुकताच साधला होता. तो रंग दाट मातीचा असल्यामुळे टाइलवर किंचित उंचवट्यासारखा उभा राहतो. हात लावायची मनाई, म्हणून मावशी मान तिरकी करून उजेडात ते उंचवटे शोधत होती. बाकी भिंती जवळजवळ कोऱ्या. निळ्या मशिदीत वीस हजारांवर टाइल्स आहेत आणि इथे एवढ्याच, पण मावशीच्या मते जिथे नजर थांबायला हवी तिथे नेमक्या.

दिव्यांबद्दल सांगायलाच हवं. घुमटातून लांबच लांब तारा खाली येतात आणि डोक्यावर हात-दोन हातांवर दिव्यांची मोठी कडी लटकते. फोटोत या तारा आड येतात म्हणून लोक वैतागतात. पण त्रेपन्न मीटर उंचीखाली माणूस हरवून जाईल. ही दिव्यांची कडी त्याच्या मापाचं एक दुसरं छत तयार करते. पूर्वी इथे तेलाचे दिवे जळत. त्यांची काजळी हवेच्या प्रवाहाबरोबर मुख्य दरवाजावरच्या एका खोलीत जमावी अशी योजना होती, आणि त्या काजळीची शाई करत. दिव्यांबरोबर शहामृगाची अंडी टांगायचे, त्याने कोळी जाळी करत नाहीत, असा समज.

मागच्या बागेत सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी आहेत, तिथे रांग होती. सिनानची कबर मात्र आवाराबाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावर, एका त्रिकोणी तुकड्यात. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

जेवण समोरच्या ओळीत. ही सगळी दुकानं कुरु फासुल्येची, म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पांढरा घेवडा, सोबत लोण्यातला भात आणि लोणचं. शाकाहारी लोकांनी आधी विचारावं, कारण रश्श्यात मांस असू शकतं. मावशीने 'एत्सिझ', म्हणजे बिनमांसाचं, हा एकच तुर्की शब्द पाठ केला होता, तो इथे कामी आला.

उतरताना तहताकालेच्या बाजारात रुस्तम पाशाची छोटी मशीद. खाली दुकानं, जिना चढून वर मशीद. दुकानांच्या भाड्यावर मशिदीचा खर्च चालायचा. आत भिंतभर, खांबभर इझनिक. मावशी खूश, मला गुदमरल्यासारखं झालं. पण इथे घुमट आठ आधारांवर बसवलाय. १५६० च्या आसपासचं हे काम. एदिर्नेची तयारी मला या जागी पहिल्यांदा दिसली.

शुक्रवार

एसेनलरच्या बस अड्ड्यावरून एदिर्ने. अडीच-तीन तास. बसमध्ये सेवकाने चहा, केक आणि शेवटी तळहातावर लिंबाचं कोलोन दिलं. दोन्हीकडे काढणी झालेली सूर्यफुलाची शेतं, सपाट आणि करडी. गावाच्या अलीकडेच क्षितिजावर चार मिनार दिसायला लागतात. रस्ता वळतो तसे चारांचे दोन होतात, पुन्हा चार होतात.

इस्तंबूल घेण्याआधी उस्मानींची राजधानी इथे होती. शुक्रवारची नमाज आटोपेपर्यंत सेलिमियेच्या वाटेला न जाता आम्ही जेवून घेतलं. एदिर्नेची ख्याती तळलेल्या काळजाच्या पातळ कापांची, वर कडक लाल मिरच्या. मी खाल्लं. मावशीने मसुराचं सूप घेतलं आणि माझ्या ताटाकडे बघायचं टाळलं.

मग एस्की जामी, म्हणजे जुनी मशीद, १४१४ मध्ये पूर्ण झालेली. नऊ सारखे घुमट, चार खांब. घुमट मोठा करता येत नव्हता तेव्हा लहान घुमट जोडत जायचे, तो काळ. भिंतींवर काळ्या रंगात माणसाहून उंच अक्षरं. मावशीने अक्षर शिकवण्यात आयुष्य काढलेलं. 'वाव' या अरबी अक्षराच्या पोटाचा बाक ती हवेत बोटाने गिरवत होती. शेजारच्या आजोबांनी ते पाहिलं आणि भिंतीवरचं दुसरं अक्षर दाखवायला तिला घेऊन गेले. भाषा एकीची मराठी, एकाची तुर्की. काही अडलं नाही.

दोन मिनिटांवर उच शेरेफेली, १४४७ ची. इथे पहिल्यांदा एकच घुमट चोवीस मीटरचा केला. धाडस दिसतं आणि भीतीही दिसते. मधे दोन षट्कोनी खांब इतके जाड की त्यांच्यामागे बसलेल्याला पुढचं काही दिसणार नाही. घुमटाच्या बाजूच्या कोपऱ्यांत लहान घुमट कसेबसे दडपून बसवलेत. चार मिनार चार तऱ्हांचे. त्यातल्या एकाला तीन सज्जे, प्रत्येकाला स्वतंत्र जिना. एदिर्नेला आलेल्याने सेलिमियेच्या आधी ही मशीद बघावीच. प्रश्न काय होता ते कळतं.

संध्याकाळी सेलिमियेभोवती नुसती एक चक्कर मारली. आत उद्या, असं मावशीने फर्मान काढलं होतं.

शनिवार

सकाळी लवकर, मशिदीच्या खालच्या अरास्ता बाजारातून वर गेलो. हा लांब छपराचा बाजार सुलतान तिसऱ्या मुरादच्या वेळी दावूद आगा या स्थपतीने जोडला, मशिदीच्या उत्पन्नासाठी. दुकानं उघडत होती. फळांच्या आकाराचे रंगीत साबण मांडले जात होते. बाजारातल्या जिन्याने चढलं की थेट अंगणात निघतो.

दरवाजातला जाड पडदा बाजूला केला आणि मी खांब शोधायला लागले. आदल्या दिवसांत ती सवयच झाली होती. आत शिरायचं, खांब मोजायचे. इथे ते मोजायला वेळ लागला. आठ आहेत, चांगले भरभक्कम आहेत, पण सगळे भिंतींकडे सरकवलेले. त्यांच्या मधली सगळी जागा एकच. डोक्यावर एकतीस मीटरचा घुमट आणि खाली जमिनीवरही तेवढंच मोकळं. शहजादेत, सुलेमानियेत घुमट मधल्या चौकोनाचा असतो आणि बाजूला ओसऱ्या उरतात. इथे घुमट म्हणजेच मशीद.

मावशी म्हणाली, "खांब कुठे गेले गं?" मग मी तिला उत्तर द्यायला अर्धा तास घेतला, तो इथे थोडक्यात. घुमट चारऐवजी आठ जागी टेकला की प्रत्येक कमान आखूड होते आणि प्रत्येक खांबावरचा भार कमी होतो. मोठे अर्धघुमट लागतच नाहीत. चार कोपऱ्यांत चार छोटे पुरतात. खांबांचा रेटा मागच्या धिऱ्यांत जातो आणि ते धिरे भिंती-गॅलऱ्यांत मुरवलेले. बाहेर चार कोपऱ्यांवर सत्तर मीटरचे चार मिनार घुमटाला अगदी खेटून उभे. भार घ्यायचं काम भिंतीला कमी उरलं, म्हणून तिच्यात मनसोक्त खिडक्या पाडता आल्या. लोक ९९९ खिडक्या म्हणतात. कुणी मोजायला बसू नये.

मला विजापूर आठवत होतं. मिरज-सांगलीच्या बाजूला घर असलेल्या कुणालाही आठवेल. गोल घुमट १६५६ चा, आतून सुमारे अडतीस मीटर, म्हणजे सेलिमियेपेक्षा चांगलाच मोठा आणि खाली एकही खांब नाही. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घुमटाला आत ओढून धरतात, बाहेरून अर्धघुमटांची गरज नाही. बांधकाम म्हणून मी विजापूरलाच झुकतं माप देईन. पण विजापूरच्या आत अंधार आहे, भिंती तीन मीटर जाड आणि कोऱ्या. तिथे आवाज ऐकायला जातो. इथे उजेडात बसायला. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला एका रूमी, म्हणजे तुर्की, ओतार्‍याने ओतली होती. इकडे सुलेमानियेचा पाया पडायच्या बेतात होता तेव्हाची ही गोष्ट.

आया सोफियाशी तुलना सिनानच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या आठवणींतच आहे. एवढा घुमट मुसलमान स्थपतींना जमणार नाही असं ख्रिस्ती स्थपती म्हणत, ते बोलणं मनाला लागलं होतं, आणि सेलिमियेत आपण घुमट त्याहून सहा हात उंच, चार हात रुंद केला, असा त्याचा दावा. टेप लावली तर दावा टिकत नाही. व्यास जवळजवळ सारखा, आणि जमिनीपासूनची उंची इथे त्रेचाळीस मीटरच, आया सोफियापेक्षा बारा मीटरने कमी. मला त्याचं काही वाटलं नाही. घुमट खाली आल्यामुळेच तो आपला वाटतो.

खरं भांडण झालं ते मुअज्जिनच्या, म्हणजे अजान देणाऱ्याच्या, ओट्यावरून. बरोबर घुमटाच्या मध्यबिंदूखाली बारा बुटक्या संगमरवरी खांबांवर एक लाकडी ओटा आहे, आणि त्याच्याखाली छोटं कारंजं. दरवाजातून मिहराबकडे बघताना तो नेमका आड येतो. माझं म्हणणं, एवढी जागा मोकळी करून तिच्या नाकावर हे ठेवायचं? मावशीचं म्हणणं उलट. "ते काढून टाक आणि बघ. मधे काहीच नसतं तर तुला एवढी मोठी जागा कळलीच नसती." ती ओट्याच्या खाली जाऊन तिथल्या रंगवलेल्या छताकडे बघत बसली. याच खांबांपैकी एकावर उलटं ट्यूलिप कोरलंय, हाताच्या पेराएवढं. इथे ट्यूलिपची बाग होती, मालक जागा देईना, शेवटी राजी झाला, त्याच्या आडमुठेपणाची खूण म्हणून फूल उलटं, अशी दंतकथा. सगळे गाइड आपापल्या गटाला आधी तिथेच नेतात. घुमटाकडे नंतर.

मिहराब भिंतीतून मागे ढकललेल्या खोल कोनाड्यात आहे आणि त्याला तीन बाजूंनी उजेड मिळतो. तिथल्या इझनिक टाइल्स त्या कारखान्यांच्या भराच्या काळातल्या. मिंबरच्या, म्हणजे प्रवचनाच्या उंच व्यासपीठाच्या, बाजू संगमरवराच्या, त्यावरची भौमितिक नक्षी इतकी बारीक आणि आरपार की दगड विणलाय असं वाटावं. मावशीने वहीत त्यातला एक तारा काढायचा प्रयत्न केला, खोडला, पुन्हा काढला. सुलतानाच्या सज्ज्यात सर्वांत सुंदर टाइल्स आहेत म्हणतात, पण वर जाता येत नव्हतं. त्यातल्या काही १८७७-७८ च्या युद्धात रशियनांनी काढून नेल्या. १९१३ च्या वेढ्यात बल्गेरियन तोफांचा मारही या घुमटाने खाल्लाय. त्याची एक खूण अतातुर्कच्या सांगण्यावरून मुद्दाम तशीच ठेवली, असं सांगतात.

ज्याच्या नावाची ही मशीद तो दुसरा सेलिम तिच्यात आलाच नाही. सायप्रसच्या लुटीचा पैसा, सहा-सात वर्षांचं काम, आणि १५७४ च्या डिसेंबरात सुलतान वारला. मशीद उघडली १५७५ च्या मार्चमध्ये. त्याला पुरलं आया सोफियाच्या आवारात.

दुपारच्या अजानला पर्यटकांना कठड्यामागे जायला सांगितलं. नमाज चालू असताना ओट्यावरून मुअज्जिनचा आवाज आला आणि तो ओटा मधोमध का आहे, याचं मावशीला नवं कारण मिळालं. मला मान्य करावं लागलं, पण नजरेची तक्रार मी मागे घेतलेली नाही.

रविवार

सकाळी बदामाच्या एज्मेचा डबा घेऊन परत. हे अगदी आपल्या बदामाच्या वडीच्या चवीचं, फक्त जास्त मऊ.

इस्तंबूलला हाताशी अर्धा दिवस होता म्हणून आशियाकडच्या टेकडीवरची चामलिजा मशीद पाहिली. त्याच वर्षी खुली झालेली, तुर्कस्तानातली सर्वांत मोठी, त्रेसष्ट हजार माणसं मावतील एवढी. आराखडा दोन स्त्री स्थपतींचा. घुमट चौतीस मीटरचा, कारण चौतीस हा इस्तंबूलच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरचा आकडा. उंची बहात्तर मीटर. चार मिनार १०७.१ मीटरचे, कारण १०७१ मध्ये सेल्जुक तुर्कांनी मलाझगिर्तची लढाई जिंकली. सुलेमानियेच्या दहा सज्ज्यांतही असा अंक लपलेला आहे, पण तिथे तो सांगितल्यावर कळतो. इथे आधी अंक ठरला आणि मग इमारत. काँक्रीट हाताशी असताना, संगणक हाताशी असताना पुन्हा तोच सोळाव्या-सतराव्या शतकाचा उतरता घुमटसमूह का करायचा, हे मला कळलं नाही. मावशीला तिथली स्त्रियांसाठीची प्रशस्त सोय आवडली, आणि लिफ्ट फार आवडली.

जाणाऱ्यांसाठी : एदिर्ने एका दिवसात करून येता येतं, पण मुक्काम करा, कारण सेलिमियेचा उजेड सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो. शुक्रवारी दुपारी आत जायचा बेत ठेवू नका. डोक्याला ओढणी जवळ असू द्या. २०२१ च्या अखेरीस सेलिमियेत मोठी दुरुस्ती निघाली आणि आत परांची चढली, म्हणून तिकीट काढण्याआधी आतलं किती खुलं आहे ते विचारून घ्या. बंद असलं तरी उच शेरेफेली आणि एस्की जामीसाठी मी पुन्हा जाईन.